‘सर, हम रोज दबाते’ : खोट्या क्लिकचा इतिहास

गेल्या रमजान ईदला मोमिनपुऱ्यात एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी शीरखुर्म्यासाठी गेलो होतो. चार-पाच मुलं जमली होती. सगळी उर्दू माध्यमातून शिकलेली, कुणी डी.एड. झालेला, कुणी टीईटीची तयारी करणारा. बोलता बोलता त्यातला एक मोठ्या कौतुकानं म्हणाला, ‘सर, आपकी साइट पे जो ऐड आती ना, हम रोज दबाते. हॉस्टल के पूरे लडके दबाते. इतनी मेहनत करते आप, कुछ तो मिलना चाहिए.’

वाटी तशीच हातात राहिली. कारण तीनच आठवड्यांपूर्वी मला एक ईमेल आली होती. माझ्या साइटवर जाहिराती पुरवणाऱ्या कंपनीनं माझं खातं बंद केलं होतं. कारण दिलं होतं, ‘अवैध क्लिक’. सात महिन्यांत जमलेले साडेसहा हजार रुपये गोठवले गेले. मी दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा ठरलेल्या साच्यातलं नकाराचं उत्तर आलं. कुणाशी बोलावं तर फोन नंबरही नाही. तीन आठवडे मी डोकं खाजवत होतो की हे केलं कुणी. केलं होतं माझ्याच मुलांनी, आणि तेही प्रेमानं.

साइट अगदी साधी आहे. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठीची धास्ती असते. शब्द ओळखीचे असतात, पण लिंग आणि विभक्ती दगा देतात. ‘किताब’ उर्दूत स्त्रीलिंगी, ‘पुस्तक’ मराठीत नपुंसकलिंगी. तिथंच वाक्य कोसळतं. म्हणून वीस वर्षं वर्गात फळ्यावर लिहिलेले शब्दांचे तक्ते मी एकत्र करून साइटवर ठेवले. उर्दू शब्द, मराठी शब्द, लिंग, एक वाक्य. ‘जाहिरात’ हा शब्दही त्या तक्त्यात आहे. मूळ अरबी ‘जाहिर’वरून आलेला हा शब्द मराठीनं घरचा करून टाकला, आणि आम्ही उर्दूवाले मात्र ‘इश्तिहार’ म्हणतो. मुलांना ही गंमत सांगितली की हसतात. ती सांगणाऱ्या पानावरच सगळ्यात जास्त क्लिक झाले होते, हे नंतर कळलं.

खातं बंद झाल्यावर मी वाचायला बसलो. क्लिक मोजण्याचा हा धंदा सुरू कसा झाला, त्यात खोट कधी शिरली, ती पकडतात कशी, आणि पकडताना माझ्यासारखा माणूस का सापडतो, हे जाणून घ्यायचं होतं. वाचता वाचता ही गोष्ट आपल्या दारापर्यंत येऊन पोचली.

इंटरनेटवरची पट्टीच्या आकाराची पहिली गाजलेली जाहिरात २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ या अमेरिकन वेब-मासिकावर झळकली. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची ती जाहिरात होती. तेव्हाचा व्यवहार वर्तमानपत्रासारखाच होता. जागा घ्या, मुदतीचे पैसे भरा, लोकांनी पाहिली की नाही ते तुमचं नशीब. १९९८ मध्ये बिल ग्रॉस या उद्योजकाच्या ‘गोटू’ नावाच्या शोधयंत्रानं हा हिशेब उलटा केला. जाहिरातदारानं शब्दांवर बोली लावायची आणि कुणी जाहिरातीवर क्लिक केलं तरच पैसे द्यायचे. गूगलनं ऑक्टोबर २००० मध्ये ‘अ‍ॅडवर्ड्स’ सुरू केलं आणि २००२ मध्ये क्लिकच्या बोलीची हीच पद्धत स्वीकारली.

छोट्या दुकानदाराला ही पद्धत वरदान वाटली, आणि ती होतीही. पण दुकानात गिऱ्हाईक आत आलं की त्याचे पैसे दुकानदारानं मोजायचे असा करार असेल, तर समोरचा दुकानदार भाड्याची माणसं आत पाठवेल. झालंही तसंच. प्रतिस्पर्धी एकमेकांच्या जाहिरातींवर क्लिक करून सकाळीच समोरच्याचं दिवसाचं बजेट संपवू लागले.

तरीही २००३ पर्यंत खोट्या क्लिकचं कारण बहुधा वैरच होतं. त्या वर्षी गूगलनं ‘अ‍ॅडसेन्स’ आणलं आणि कारण बदललं. आता कुणाच्याही वेबसाइटवर गूगल जाहिरात लावणार होतं आणि क्लिकच्या पैशातला हिस्सा साइटच्या मालकाला देणार होतं. २०१० मध्ये कंपनीनं स्वतःच जाहीर केलं की साइटवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातले ६८ टक्के साइटच्या मालकाला मिळतात. म्हणजे ज्याच्या अंगणात गिऱ्हाईक मोजायचं, त्यालाच दर डोई कमिशन. आपल्याच साइटवर आपणच बोट दाबलं की पैसे, आणि आपलं बोट थकलं तर दुसऱ्याचं बोट भाड्यानं.

भाड्याची बोटं कुठं स्वस्त मिळणार? इथं आपला देश या इतिहासात येतो, आणि तोही अगदी पहिल्या प्रकरणात. मे २००४ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’नं एक बातमी छापली. घरी बसून दिवसभर परदेशी जाहिरातींवर क्लिक करणाऱ्या भारतीयांची ती बातमी होती. गृहिणी, पदवीधर मुलं, नोकरी करून संध्याकाळी हे काम करणारे लोक. महिन्याला शंभर ते दोनशे डॉलर मिळतात असं त्यात म्हटलं होतं, म्हणजे तेव्हाच्या दरानं साधारण साडेचार ते नऊ हजार रुपये. खोट्या क्लिकवर इंग्रजीत जे काही लिहिलं गेलं, त्यात या बातमीचा उल्लेख आजही सापडतो. जाहिरात न बघता तिच्यावर क्लिक करणारी भारतीय बाई हे त्या काळातलं एक प्रतीकच होऊन बसलं.

ती बातमी मी या वर्षी वाचली आणि मला २००४ आठवलं. बी.एड. होऊन मी विनाअनुदानित शाळेत शिकवत होतो. पगार या बायांच्या कमाईहून कमी, आणि तोही वेळेवर नाही. सदरमधल्या एका सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन ईमेल बघायचो. तेव्हा तिथं कुणी म्हटलं असतं की मास्तर, इथं बसा, या चौकोनांवर दाबत राहा, महिन्याला सहा हजार देतो, तर मी नाही म्हटलं असतं का? खरं सांगायचं तर सांगता येत नाही. त्या बाईला कुणी हे सांगितलं नव्हतं की तिच्या प्रत्येक क्लिकमागे कुठल्या तरी गावच्या दुकानदाराच्या गल्ल्यातून नाणं निघतंय. तिला कामाचा दाम मिळत होता. फसवणूक करणारा वर कुठं तरी बसला होता आणि त्याचं नाव त्या बातमीत नव्हतं.

डिसेंबर २००४ मध्ये गूगलचे तेव्हाचे वित्तप्रमुख जॉर्ज रेयेस यांनी गुंतवणूकदारांसमोर उघड कबुली दिली की खोटे क्लिक हा इंटरनेटच्या अर्थव्यवस्थेसमोरचा मोठा धोका आहे. त्याच सुमारास कंपनीनं टेक्सासमधल्या ‘ऑक्शन्स एक्सपर्ट इंटरनॅशनल’ या कंपनीवर दावा लावला. स्वतःच्या साइटवरच्या जाहिरातींवर स्वतःच क्लिक केल्याचा आरोप होता. २००५ मध्ये कोर्टानं ७५ हजार डॉलरची भरपाई द्यायला लावली.

पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो उलट बाजूचा दावा. आर्कान्सा राज्यातल्या ‘लेन्स गिफ्ट्स’ या भेटवस्तूंच्या छोट्या दुकानानं फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल आणि इतर कंपन्यांना कोर्टात खेचलं. म्हणणं साधं होतं : खोट्या क्लिकचे पैसे तुम्ही आमच्याकडून घेतले, ते परत करा. २००६ मध्ये गूगलनं ९ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. त्यातले ३ कोटीपर्यंत वकिलांना जायचे होते आणि उरलेलं जाहिरातदारांना रोख न मिळता पुढच्या जाहिरातींसाठी जमा होणार होतं! दुकानदाराचं नुकसान त्याच दुकानातून माल घेऊन भरून काढायचं, असा हा न्याय.

या तडजोडीचा भाग म्हणून न्यूयॉर्क विद्यापीठातले प्राध्यापक अलेक्झांडर तुझिलिन यांना कंपनीच्या आत जाऊन तपासणी करू दिली गेली. जुलै २००६ मधला त्यांचा अहवाल ज्याला या विषयात रस आहे त्यानं जरूर वाचावा. कंपनीचे प्रयत्न वाजवी आहेत असा निष्कर्ष त्यांनी काढला. पण त्यात एक तपशील असा आहे की वाचून हसू येतं. कुणी एकाच जाहिरातीवर टकटक असं दोनदा क्लिक केलं, तर मार्च २००५ पर्यंत दोन्ही क्लिकचे पैसे लावले जात होते. आपल्याकडच्या किती लोकांना एकदाच दाबायचं हे अजून माहीत नाही! माझे वडील तर लिंकवरही दोनदाच दाबायचे.

तुझिलिन यांनी खरा पेच नेमका मांडला. खोटा क्लिक म्हणजे ज्यामागे विकत घ्यायची किंवा बघायची इच्छा नाही असा क्लिक. पण इच्छा यंत्राला दिसत नाही. यंत्राला दिसते ती वेळ, संगणकाचा पत्ता, ब्राउझर, त्याच पत्त्यावरून आधी झालेले क्लिक. त्यावरून नियत ओळखायची. आणि ओळखण्याचे नियम उघड केले तर खोटं करणारा ते वाचून चुकवणार, म्हणून ते गुप्त ठेवायचे. गुप्त ठेवले तर ज्याच्यावर आरोप झाला त्याला आपला गुन्हा काय ते कधीच कळत नाही.

नियत हा शब्द मी सहज वापरलेला नाही. फिक्हमध्ये ‘नजश’ नावाची एक संज्ञा आहे. लिलावात माल घ्यायचा नसताना केवळ भाव चढवण्यासाठी बोली लावणं म्हणजे नजश, आणि पैगंबरांनी (स.) ते मना केल्याचं हदीसमध्ये आहे. आपल्या कळमना मार्केटमध्ये संत्र्यांच्या लिलावात उभं राहून पाहा, म्हणजे हा नियम का लागला ते कळेल. तिथं मालकाचाच माणूस गिऱ्हाईक बनून उभा असेल तर खरा व्यापारी बुडतो. साइटवरची प्रत्येक जाहिरातही लिलावातूनच येते. न घेणाऱ्याची बोली आणि न बघणाऱ्याचा क्लिक यांत मला फार अंतर दिसत नाही. फरक एवढाच की कळमन्यात माणूस समोर दिसतो, त्याला चारचौघांत विचारता येतं.

माणसांची बोटं पुढं महाग पडू लागली आणि काम यंत्रांकडे गेलं. नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयनं ‘ऑपरेशन घोस्ट क्लिक’ जाहीर केलं. सहा इस्टोनियन माणसांच्या टोळीनं शंभरहून अधिक देशांतल्या सुमारे ४० लाख संगणकांत व्हायरस सोडून क्लिक आणि जाहिराती भलतीकडे वळवल्या आणि किमान १.४ कोटी डॉलर मिळवले, असा आरोप होता. २०१६ मध्ये ‘मेथबॉट’ उघडकीला आलं. अलेक्झांडर झुकोव या रशियन माणसानं १,९०० हून अधिक सर्व्हर भाड्यानं घेतले होते. त्यांवरचे प्रोग्राम माणसासारखा माउस हलवायचे, पान खाली सरकवायचे, व्हिडिओ मध्येच थांबवायचे. नामांकित साइटींची नक्कल करून सुमारे ७० लाख डॉलर उचलले. २०२१ मध्ये त्याला अमेरिकेत दहा वर्षांची शिक्षा झाली. साइटचं नाव चोरून जाहिराती विकता येऊ नयेत म्हणून २०१७ पासून एक साधी युक्ती रूढ झाली. आपल्या जाहिराती विकण्याचा अधिकार कुणाकुणाला आहे त्याची यादी साइटनं ‘अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी’ नावाच्या उघड्या फाइलमध्ये ठेवायची.

इथपर्यंत वाचून एखाद्याला वाटेल की हे सगळं संगणकाचं पाप. तसं नाही. आकड्यावर पैसे ठरले की आकडा फुगवला जातो, ही गोष्ट आपल्याकडे संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. वर्तमानपत्रांचा खप तपासायला ‘ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स’ १९४८ मध्ये स्थापन झाली, मुख्यालय मुंबईत. जाहिरातदार आणि वर्तमानपत्रवाले दोघांनी मिळून ती काढली, कारण मालक सांगेल तो खप मानायला कुणी तयार नव्हतं. सनदी लेखापाल हिशेब तपासतात आणि दर सहामाहीचा आकडा प्रमाणित होतो. पुढं परदेशी कागदाची टंचाई होती तेव्हा कागदाचा कोटाही खपावर ठरू लागला आणि सरकारी जाहिरातीही. मग कागदावर पंचवीस हजार आणि प्रत्यक्षात पाचशे, अशी छोटी पत्रं प्रत्येक भाषेत निघाली. उर्दूही त्याला अपवाद नाही, हे आपणच म्हटलं पाहिजे. फाइलीत लावण्यापुरते अंक छापायचे आणि सरकारी जाहिरात लाटायची, अशा पत्रांमुळे खरोखर वाचल्या जाणाऱ्या उर्दू वर्तमानपत्राच्या वाट्याची जाहिरात गेली. उर्दूची पत्रकारिता का खंगली यावर परिसंवाद पुष्कळ होतात. त्यात हा मुद्दा मी क्वचितच ऐकला.

मग टीव्ही आला आणि खपाच्या जागी टीआरपी आली. काही निवडक घरांत टीव्हीला मीटर जोडतात. घरातल्या प्रत्येक माणसाला रिमोटवर एक बटण दिलेलं असतं. टीव्हीसमोर बसताना आपलं बटण दाबायचं, उठताना पुन्हा दाबायचं. त्या मोजक्या घरांच्या बटणांवरून अख्खा देश काय बघतो ते ठरतं आणि हजारो कोटींच्या जाहिराती वाटल्या जातात. ही घरं कोणती ते गुप्त राहावं, एवढ्यावर सगळा डोलारा उभा असतो.

८ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईचे तेव्हाचे पोलीस आयुक्त परमबीर सिंग यांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की हे गुपित फुटलं आहे. कांदिवली पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला होता. मीटरची देखभाल करणाऱ्या कंपनीच्या माजी माणसांनी काही घरांना महिन्याला चारशे-पाचशे रुपये देऊन ठरावीक चॅनेल लावून ठेवायला सांगितलं, असा पोलिसांचा आरोप होता. ज्या घरात कुणाला इंग्रजी येत नाही तिथंही इंग्रजी चॅनेल दिवसभर चालू होतं, असंही पोलिसांनी तेव्हा सांगितलं. आठवडाभरातच मोजणी करणाऱ्या ‘बार्क’नं वृत्तवाहिन्यांचे आकडे देणं थांबवलं. ते पुन्हा सुरू झाले थेट मार्च २०२२ मध्ये. प्रकरणाला राजकीय रंग चढला, बड्या नावांवरून रोज भांडणं झाली. शेवटी राज्य सरकारनंच खटला मागं घेण्याचा अर्ज केला आणि मार्च २०२४ मध्ये कोर्टानं तो मंजूर केला. म्हणजे आरोप खरे की खोटे, याचा निवाडा झालाच नाही.

त्या भांडणात मला सारखं आठवत राहिलं ते चारशे रुपये घेणारं घर. त्या वर्षी लॉकडाऊन होता, हातात काम नव्हतं. कुणी येऊन म्हणतं, चॅनेल लावून ठेवा, बघितलं नाही तरी चालेल. चारशे रुपयांत त्या वर्षी एखाद्याचं विजेचं बिल भागत असेल. २००४ मधली दिल्ली-मुंबईची ती बाई आणि २०२० मधलं हे घर यांच्यात सोळा वर्षांचं अंतर आहे, बाकी सारं तेच.

आणि मग हा धंदा आणखी एक वळण घेतो. क्लिक करणाऱ्याला पैसे द्यायचे सोडून त्याच्याकडूनच पैसे घेणं सुरू होतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये उत्तर प्रदेशच्या विशेष कृती दलानं नोएडात ‘अ‍ॅब्लेझ इन्फो सोल्युशन्स’ या कंपनीवर छापा घातला आणि अनुभव मित्तल या तरुण मालकाला अटक केली. ‘सोशल ट्रेड’ नावाच्या त्यांच्या योजनेत ५,७५० रुपयांपासून ५७,५०० रुपयांपर्यंत भरून सभासद व्हायचं आणि मग रोज दिलेल्या लिंकांवर क्लिक करायचं, एका क्लिकला पाच रुपये. पोलिसांनी सांगितलेला आकडा होता सुमारे ३,७०० कोटी रुपये आणि साडेसहा लाखांच्या आसपास माणसं. लिंका खऱ्या जाहिरातींच्या नव्हत्याच, सभासद एकमेकांच्याच पानांवर क्लिक करत होते आणि नव्याच्या पैशातून जुन्याला वाटप होत होतं, असं तपास यंत्रणांचं म्हणणं होतं.

आजकाल व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवर तेच ‘टास्क’ म्हणून येतं. व्हिडिओला लाइक करा, पन्नास रुपये घ्या. पहिले दीडशे खरंच जमा होतात. मग ‘प्रीपेड टास्क’ म्हणून पाच हजार भरा, दहा भरा. नागपूरच्या वर्तमानपत्रांत अशी बातमी नाही असा महिना जात नाही. आमच्या स्टाफरूममधल्या एका सहकाऱ्याचे चौऱ्याऐंशी हजार असेच गेले. गणिताचे शिक्षक आहेत. त्यांनी घरी अजून सांगितलेलं नाही.

आता माझ्याकडे येतो. ईदच्या त्या संध्याकाळनंतर मी साइटची नोंदवही उघडली. प्रत्येक सर्व्हर कोण कधी कुठून आलं ते टिपून ठेवतो. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ती फाइल असते आणि ती बघायला संगणकाचा अभियंता लागत नाही. पाच महिने माझ्या साइटवर शंभर पानं उघडली गेली की साधारण एक क्लिक व्हायचा. शेवटच्या दोन महिन्यांत ते प्रमाण चौदावर गेलं होतं. भेटी कुठून झाल्या ते पाहिलं तर निम्म्याहून अधिक एकाच आयपी पत्त्यावरून. तो त्या हॉस्टेलचा वाय-फाय होता. वेळ रात्री नऊ ते दहा, म्हणजे इशाच्या नमाजनंतर. पान उघडल्यापासून तीन-चार सेकंदांत बाहेर. शब्द वाचायला तेवढ्यात कुणाला जमेल? मी यंत्र असतो तरी हाच संशय घेतला असता.

यात माझीही एक चूक निघाली, आणि ती लिहायला हवी. ‘अर्थ दाखवा’ हे बटण आणि जाहिरात मी अगदी खेटून ठेवली होती. मोबाइलवर अंगठा जाडा, बटण बारीक. किती जणांचं बोट चुकून जाहिरातीवर पडलं असेल. जागा वाचवायला म्हणून मी तसं केलं होतं, पण बाहेरून बघणाऱ्याला तो सापळाच वाटणार. दोघांमध्ये दोन बोटांचं अंतर ठेवणं, रोज नाही तरी आठवड्याला क्लिकचं प्रमाण बघणं, ते एकदम चढलं तर जाहिरात स्वतःच काढून कंपनीला आपण होऊन कळवणं, आणि घरच्यांना, मित्रांना, विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट बजावणं की मेहरबानी करून दाबू नका. एवढं केलं असतं तर कदाचित खातं वाचलं असतं. ज्यांच्या छोट्या साइटी आहेत त्यांनी हे आजच करावं. आपल्या भाषांसाठी तर विशेष. गूगलच्या जाहिरात यंत्रणेनं हिंदीला २०१४ च्या अखेरीस जागा दिली. मराठी आणि उर्दूही नंतर त्या यादीत आल्या. या भाषांत लिहिणाऱ्याला चार पैसे मिळायची वाट नुकती कुठं मोकळी झाली आहे.

मुलांना मी पुढच्या रविवारी घरी बोलावलं. रागावलो नाही. त्यांना विचारलं, जाहिरात कशाची होती? कुणालाच आठवेना. एक म्हणाला, ‘कुछ क्लास का था सर.’ मग मी माझ्या मोबाइलमधलं जुनं एक चित्र काढलं, साइट नीट दिसते का ते बघायला कधी तरी घेतलेलं. त्यात जाहिरात होती कामठीच्या एका टीईटी शिकवणी वर्गाची.

त्या वर्गाचे सर माझ्या तोंडओळखीचे निघाले. एका शाळेच्या परीक्षा केंद्रावर आम्ही दोघं पर्यवेक्षक होतो. दोन खोल्यांचा क्लास, स्वतः शिकवतात, बायको हिशेब बघते. मी मुद्दाम भेटायला गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ते आधी हसले. म्हणाले, ‘मले वाटे का समोरचा क्लासवाला करून राहिला. दिवसाचे तीनशे रुपये टाकतो मी, रात्री नऊच्या टायमाले टाकलेले सारे दहा वाजेतोवर सफा. अन् फोन एकही नाही.’ समोरच्या क्लासवाल्याशी त्यांनी दोन महिने बोलणं टाकलं होतं. त्यांना मी विचारलं, हे पत्ते बंद करता येतात ते माहीत आहे का. त्यांना माहीत नव्हतं. आम्ही दोघांनी बसून त्यांच्या खात्यात हॉस्टेलचा तो आयपी पत्ता वगळण्याच्या यादीत घातला. गूगलच्या जाहिरातींत एका मोहिमेला असे पाचशे पत्ते वगळता येतात, इतरांकडेही थोड्याफार फरकानं ही सोय असते.

मग त्यांनी मागच्या महिन्याचं बिल उघडून दाखवलं. खाली एक ओळ होती, ती त्यांनीही कधी वाचली नव्हती : ‘अवैध क्लिकपोटी जमा, ४१२ रुपये’. माझ्या गोठवलेल्या पैशांतले ते असतील की नाही, कुणास ठाऊक. सर म्हणाले, ‘हे तर तुमचेच झाले मंग.’ मी म्हटलं, नाही, तुमचेच होते. त्यांनी बायकोला चहा टाकायला सांगितला आणि समोरच्या क्लासवाल्याला फोन लावला.